पोलादाचं पाणी उतरलं तेव्हा

उमरोळीच्या आमच्या घरामागे, केळीच्या वाफ्यांना लागून, मी एक खड्डा खणला होता. सात हात लांब, छातीइतका खोल आणि दोन्ही काठांवर जाड लाकडी ओंडके. शेजारीपाजारी विचारायचे, दुसरी विहीर काढताय का? वडिलांना तर तो खड्डा कधीच पटला नाही. चांगली केळीची जागा वाया घालवली, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं. त्या खड्ड्यात उभं राहून मी वीस-बावीस वर्षं लोकांच्या मोटारी खालून पाहिल्या. मालक गाडी वरून पाहतो, फडक्याने पुसतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो. खाली कधी कोणी वाकत नाही. आणि आमच्याकडे गाडी मरते ती खालूनच.

माझी नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात फिटरची. सकाळची पाळी असली की तीनला सुटायचो आणि सायकलने घरी यायचो. गाड्यांचं काम हा माझा धंदा नव्हता. मी गॅरेजवाला नाही, इंजिनाला कधी हात लावला नाही. माझ्याकडे लोक एकाच कामासाठी यायचे: गंजून धरलेलं काही सोडवायचं असेल तर. पालघरचे दोन-तीन गॅरेजवाले स्वतःच गिऱ्हाईक पाठवायचे. म्हणायचे, उमरोळीला विनूभाऊकडे जा, तो सोडवेल. नाही सुटलं तर कापावंच लागेल.

ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या काळच्या काही गाड्यांत पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग नसायची. तिच्या जागी प्रत्येक चाकाला गाडीच्या पोटाखालून जाणारी एक लांब पोलादी दांडी असायची, अंगठ्याहून थोडी जाड. तिचं एक टोक चाकाकडे, दुसरं मागे गाडीच्या सांगाड्यात घट्ट बसवलेलं. चाक दगडावर चढलं की दांडीला पीळ बसतो, दगड सरला की पीळ उलगडतो. ओलं लुगडं दोघींनी पिळावं तसं. मागच्या टोकाला एक आखूड लोखंडी हात असतो आणि त्या हाताला खालून एक बोल्ट टेकलेला असतो. तो बोल्ट फिरवला की गाडीची ती बाजू उचलते किंवा बसते. गाडी एका अंगाला कलली तर चार वेढ्यांचं काम. पण बोल्ट फिरला तर.

आमच्या पट्ट्यात तो फिरत नसे. एक तर समुद्राची हवा. त्यात अर्ध्या गाड्यांतून मासळी जायची. सातपाटीच्या पार्वतीबाई नावाच्या एक मासळीवाल्या बाई होत्या; त्यांनी एक म्हातारी मोटार घेऊन मागची सीट काढून टाकली होती आणि तिथे बर्फात घातलेल्या पाट्या ठेवून त्या बोईसरला आणायच्या. बर्फ वितळून खारं पाणी फळीतून खाली, थेट बोल्टावर. ती गाडी पहिल्यांदा खड्ड्यावर आली तेव्हा खालून बोल्ट कुठे आणि सांगाडा कुठे हे कळत नव्हतं. सगळा एकच तपकिरी गोळा. मी वर येऊन त्यांना ते सांगितलं. त्या ओट्यावर बसून पान लावत होत्या. म्हणाल्या, "मीठ म्हावऱ्याला राखतं न् लोखंडाला खातं. आमी दोगांच्या मदी." पाच दिवसांनी त्यांचा बोल्ट सुटला. त्यानंतर दर पावसाळ्याआधी त्या गाडी आणायच्या आणि मी बोल्टाच्या आट्यांत ग्रीस भरून वरून जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून द्यायचो.

धरलेला बोल्ट सोडवण्यात जोर नसतो, वेळ असतो. आधी तारेच्या ब्रशने आटे दिसेपर्यंत घासायचं. मग रॉकेलमध्ये थोडं ब्रेकचं ऑइल मिसळून त्यात भिजवलेली चिंधी त्याच्याभोवती बांधायची आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी परत. बोल्टाच्या डोक्यावर नाही, बाजूने, भोवतालच्या लोखंडावर हलक्या हाताने हातोडी मारायची, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडून तेल आत जातं. आणि पाना लावला की आधी सोडवायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने केसभर फिरवायचा. मग उलटा. मग परत आवळायचा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मध्येच तो किरकिरतो, तेव्हा थांबायचं. हे सगळं करायच्या आधी गाडी जॅकवर उचलून, खाली घोड्या लावून दांडीचा पीळ उतरवायचा, कारण पीळ भरलेला असताना बोल्ट निसटला तर तो लोखंडी हात माणसाचा हात मोडू शकतो.

वसाहतीतले एक साहेब होते, कानपूरकडचे. त्यांनी स्वतः घरीच प्रयत्न करून बोल्टाचं डोकं हातोडीने अळंबीसारखं पसरवून आणलं होतं. "विनायकजी, मारने में मैंने कोई कसर नहीं छोड़ी," असं ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी त्यांना म्हटलं, साहेब, त्याला मार नको होता, मुदत हवी होती. ते हसले. मीही तेव्हा हे वाक्य चारचौघांत सांगून भाव खायचो. आता सांगत नाही. कारण ज्या एका वेळी मी मुदत दिली नाही, त्याचीच गोष्ट मला इथे लिहायची आहे. ती मी आजवर कुठे लिहिली नाही, पण लपवलेलीही नाही.

पालघरला एक डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणं आणि लहान मुलं हे त्यांचं मुख्य काम. दवाखाना गावात, पण आठवड्यातून दोनदा त्या वाघोबा खिंड ओलांडून मनोरच्या पुढच्या पाड्यांवर जायच्या. त्यांची गाडी रूपजी चालवायचा. रूपजी त्याच पाड्यांतला, वारली. भातशेतीचा लहानसा तुकडा होता, तो लावणी-कापणीपुरता. बाकी वर्षभर तो बाईंचा ड्रायव्हर. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत नीट घडी केलेल्या बाह्या, आणि बोलणं मोजकं. त्याने चालवलेली गाडी खड्ड्यावर आली की मला कळायचं, कारण चाकांच्या कडांवर दगडाचा एकही ओरखडा नसायचा. मी त्याला 'तू' म्हणायचो, तो मला 'तुमी' म्हणायचा. आमचं वय साधारण सारखंच होतं. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एका वैशाखात, रविवारी दुपारी, तो बाईंची गाडी घेऊन आला. गाडी उजवीकडे इतकी कलली होती की टायर मडगार्डला घासत होता. पाड्यांवर जुलाबाची साथ होती, बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी जायलाच हवं होतं. रूपजी म्हणाला, बाईंनी विचारलंय, आज होईल का. मी खाली उतरून पाहिलं. बोल्ट पूर्ण धरलेला. दोन-तीन दिवसांचं काम, हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं. तरी मी 'होईल' म्हटलं. साथीचं निमित्त होतं हे खरं, पण विनूभाऊ नाही म्हणत नाही, ही मिजासही होती.

चार वाजेपर्यंत मी घासलं, तेल घातलं, ठोकलं. काही हललं नाही. मग मी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून गॅसची नळी आणि तोटी आणली. दांडीजवळ आग न्यायची नाही, हा कारखान्यातला पहिल्या महिन्याचा धडा. त्या दांडीच्या पोलादाला लोहाराने विळ्याला द्यावं तसं पाणी दिलेलं असतं, मोजून तापवून आणि मोजून थंड करून. त्या पाण्यावरच ती पीळ खाते आणि सरळ होते. तिला परत तापवलं की पाणी उतरतं. मला हे पाठ होतं. मी स्वतःला सांगितलं की मी दांडीला नाही, त्या आखूड हाताला आणि बोल्टाच्या बैठकीला आग देतोय. पण दांडीचं टोक त्या हाताच्या पोटातच बसलेलं असतं. लोखंडाला तुमचा हेतू कळत नाही.

तो लोखंडी हात लाल झाला आणि बोल्ट सुटला. लोण्यासारखा फिरला. पण तापलेल्या लोखंडावर गाडी खाली सोडता येत नाही, आणि ऊन उतरायला लागलं होतं. मी पाण्याच्या डोणीतून गोणपाट भिजवून आणलं आणि त्या लाल लोखंडावर दाबून धरलं. खड्डाभर वाफ झाली. वरून रूपजीने वाकून विचारलं, "लोहार पानी देतं, तसां का?"

मी म्हटलं, "तसंच."

संध्याकाळी गाडी सरळ उभी होती. काठीने दोन्ही बाजू मोजल्या, बोटभराचाही फरक नाही. रूपजीने गाडी नेली. दुसऱ्या दिवशी बाई पाड्यांवर गेल्या, आणि त्यानंतर चार महिने जात राहिल्या.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर पाचसहा दिवसांनी, वाघोबा खिंड उतरताना ती गाडी रस्ता सोडून खालच्या बाजूला गेली आणि एका सागावर अडकली. रूपजीच्या कपाळाला टाके पडले. डॉक्टरीणबाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

रूपजी सगळ्यांना एकच सांगत होता. आधी बंदुकीसारखा आवाज आला, मग गाडीची उजवी बाजू बसली, मग चाक वळेना. बाई त्या वेळी मागे डुलकी घेत होत्या, त्यांना काही सांगता येईना. आणि रूपजी वारली होता. एवढं पुरेसं होतं. मनोरच्या नाक्यावर जीपवाल्यांच्या टपरीवर दोन दिवसांत ठरून गेलं की त्याने ताडी घेतली होती. ताडीत आवाज येतातच, असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळीकडे गेलं. रूपजी गाडीवर असताना ताडीला शिवत नसे, हे त्या टपरीवरच्या निम्म्या माणसांना माहीत होतं.

गाडी ओढून बाईंच्या आवारात आणली. बाईंचे यजमान कॉलेजात शिकवायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी मला बोलावलं, गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे का ते बघायला. मी पाठीवर झोपून खाली सरकलो. उजवी दांडी मागच्या टोकाजवळ तुटली होती.

तुटलेलं पोलाद बोलतं. एका फटक्यात तुटलं तर तुटलेली जागा सगळीकडे सारखी चमकते. इथे चंद्रकोरीच्या आकाराचा भाग काळा-तपकिरी होता, म्हणजे भेग जुनी, तिच्यात पाणी जाऊन गंज धरलेला. उरलेला भाग तेवढा नवा, चमकता. आणि टोकाच्या बाजूला गंजाखालून निळसर जांभळा पट्टा दिसत होता. तो रंग आगीचा असतो. ती आग माझी होती, आणि ती भेग त्या ओल्या गोणपाटाची.

मी किती वेळ खाली पडून राहिलो ते सांगता येत नाही. बाहेर सरांची चप्पल दिसत होती. त्यांनी विचारलं, "गाडीत काही दोष होता का विनायक? रूपजी म्हणतो, आधी काहीतरी तुटलं."

मी म्हटलं, "दांडी तुटलीय, सर. झाडावर आपटताना तुटली असणार."

"म्हणजे चूक त्याचीच."

मी तो हातभर तुकडा सोडवून पिशवीत टाकला आणि घरी आलो. रूपजीला त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

तुकडा मी हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. दीड-दोन महिने तो तिथे होता. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. दांडी जुनी होती, गाडी खाऱ्या हवेतली होती, रस्ता वाईट होता. बाईंनीच घाई केली होती. कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. तिथे हे कळलं असतं तर काय, असंही मनात यायचं. गाड्या येत होत्या, मी बोल्ट सोडवत होतो, लोक वाहवा करत होते. आग मात्र मी त्या दिवसानंतर हातात घेतली नाही. कोणी विचारलं तर गॅस संपलाय म्हणायचो.

कार्तिकात आमच्याकडे गवताचा हंगाम असतो. डोंगरउतारावरचं गवत कापून, दाबून, त्याचे गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांना जातात. पालघरच्या एका गवताच्या वखारीसमोर मी सायकलची चेन चढवायला थांबलो होतो. समोर ट्रक भरत होते. डोक्यावर गठ्ठा घेतलेल्या माणसांच्या रांगेत रूपजी होता. अंगात गंजीफ्रॉक, खांद्यांवर गवताने कापल्याच्या लाल रेघा, कपाळावर टाक्यांचा वण. त्याने मला पाहिलं. मला वाटलं, तो मान फिरवेल. त्याने गठ्ठा ट्रकवर टाकला, हात झटकले आणि माझ्याकडे आला.

"विनूभाऊ, बाईंचा हात कसा हाय?"

मी सांगितलं की प्लास्टर निघालंय, पण बोटं अजून नीट वळत नाहीत. मग त्याने विचारलं, गाडी दुरुस्त होईल का. चांगली गाडी होती, म्हणाला. मागून मुकादमाने हाक मारली, तो परत गेला.

घरी आल्यावर मी पेटी उपडी केली आणि तो तुकडा सुमनसमोर ठेवला. सुमन माझी बायको. तिला पोलादातलं काही कळत नाही, पण मी गेले दोन महिने जेवताना गप्प असतो हे तिला कळत होतं. मी सगळं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, उद्या जाऊन सरांना सांगतो.

"आधी रूपजीला सांगा," ती म्हणाली. "सरांचं नुकसान मागाहून. नाव त्याचं गेलंय."

पुढच्या रविवारी मी तुकडा फडक्यात गुंडाळून एसटीने मनोरला गेलो आणि तिथून चालत त्याच्या पाड्यावर. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, कोपऱ्यात नाचणीची कणसं वाळत घातलेली. रूपजी घरी होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी अंगणात बसलो, फडकं सोडलं आणि तुकडा त्याच्या हातात दिला. काळी कोर दाखवली, निळा पट्टा दाखवला. वैशाखातल्या त्या संध्याकाळी मी काय केलं आणि त्याने काय झालं, हे जितकं साध्या शब्दांत सांगता येईल तितकं सांगितलं. तो ऐकताना माझ्याकडे पाहत नव्हता. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होता.

मग त्याने विचारलं, "ह्या तू कवा पाह्यलास?"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता.

"सरांनी गाडी बघायला बोलावलं, त्याच दिवशी."

"म्हंजे मना काडला, त्याच्या आधी."

"हो. आधी."

तो उठला आणि घराच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याची बायको दारात थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली की त्याच्या भावानेपण त्याचं खरं मानलं नव्हतं. लग्नात त्याला ताडी देऊ नका, गाडी पाडेल, असं बोलून लोक हसले होते. एवढं बोलून ती आत गेली.

रूपजी परत येऊन बसला. मी म्हटलं, मी उद्याच सरांना आणि बाईंना सांगतो, तुला कामावर परत घ्यायला सांगतो. त्याने मान हलवली.

"बाईंना सांग. त्यांचा हात हाय, त्यांना कळाया पायजे. पन मना कामावर घ्या, असां बोलू नको. तू नाक्यावर ये. बाजाराच्या दिवशी. तिथं सांग, समद्यांच्या समोर."

मी सोमवारी पाळी संपल्यावर पालघरला गेलो. बाई दवाखान्यात होत्या, सरही तिथेच होते. बाईंनी तुकडा डाव्या हातात घेतला. सर रागावले, आणि तो राग रास्त होता. ते म्हणाले, मी तुला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, हो सर, विचारलं होतं. बाईंनी तुकडा टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घाई मी केली होती ना?"

मी म्हटलं, "घाई तुमची होती बाई, पण नाही म्हणायचं काम माझं होतं."

त्यांचं मनगट पुढे कधीच पूर्ण वळलं नाही. त्या तपासायच्या, औषध द्यायच्या, पण अवघड बाळंतपणं त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला सुरुवात केली. हे मला कोणी टोचून सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी कळलं. पोलादाचा हिशेब मला समजतो. त्या हाताने पुढे किती मुलं जगात आणली असती, तो हिशेब मला करता आला नाही.

बाजाराच्या दिवशी मी मनोरला गेलो. टपरीवर दहा-बाराजण होते, बहुतेक जीपवाले. रूपजी आला होता, पण टपरीत आला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, आज त्याने पांढरा शर्ट घातला होता. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. कारखान्यात युनियनच्या सभेतही मी मागे बसायचो. मी तुकडा बाकावर ठेवला आणि म्हटलं की मी उमरोळीचा विनायक, डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं काम मी केलं होतं. गाडी खिंडीत गेली ती माझ्यामुळे. आवाज खरा होता, तो ही दांडी तुटल्याचा. रूपजीने ताडी घेतली नव्हती. मी हे त्याच आठवड्यात ओळखलं होतं आणि खोटं बोललो.

तुकडा हातोहात फिरला. ही माणसं रोज गाड्यांखाली झोपणारी. काळी कोर त्यांना समजावून सांगावी लागली नाही. एक वयस्क जीपवाला होता, तो तुकडा घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि त्याने तो रूपजीच्या हातात दिला. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग टपरीवाल्याने दोन चहा पलीकडे पाठवले. मला कोणी चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

तो तुकडा रूपजीने मला परत दिला नाही. पुढे कळलं की तो त्याच्या घरात आढ्याला टांगलेला आहे.

सरांनी रूपजीला परत बोलावलं होतं. त्यांनी स्वतः पाड्यावर जाऊन माफी मागितली, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. रूपजी गेला नाही. त्याने पुढच्याच वर्षी एका आश्रमशाळेची जुनी जीप चालवायला घेतली, मुलांना दवाखान्यात न्यायची-आणायची, धान्य आणायचं. सुपरवायझरची जागा मला मिळाली नाही. ती या प्रकरणामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मी विचारलं नाही. वर्षभर माझ्याकडे फारशा गाड्या आल्या नाहीत. मग पार्वतीबाई आल्या, नेहमीसारख्या पावसाळ्याच्या तोंडावर. त्यांना सगळं माहीत होतं. सातपाटीला बातमी मासळीच्या आधी पोचते. त्या ओट्यावर बसल्या आणि गाडी खड्ड्यावर घ्या म्हणाल्या. त्यांच्या मागे हळूहळू बाकीचे आले. प्रत्येकाला मी आधीच सांगायचो की तीन दिवस लागतील, आणि घाई असेल तर दुसरीकडे न्या. काहीजण नेत. मी जाऊ देत असे.

पाच-सहा वर्षांनी, एका मंगळवारी, आश्रमशाळेला मिळालेली एक जुनी मोटार घेऊन रूपजी माझ्या दारात आला. मधल्या काळात आम्ही दोन-तीनदा रस्त्यात भेटलो होतो, मान हलवण्यापुरते. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. गाडी डावीकडे कलली होती. त्याने स्वतः ती खड्ड्यावर घेतली, दोन्ही चाकं ओंडक्यांवर अगदी मध्ये. मी खाली उतरलो. बोल्ट धरला होता. आट्यांवर मीठ फुटून पांढरं झालं होतं. गाडी आधी कोणा मासळीवाल्याची असणार.

मी वर आलो आणि म्हटलं, "रूपजी, आज नाही होणार. उद्याही नाही. शुक्रवारी ये."

शाळेचं काम अडेल, मुलांना न्यायचं आहे, असं तो म्हणेल अशी माझी खात्री होती, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो खड्ड्याच्या काठावर बसला. वाकून एकदा खाली पाहिलं. मग उठला, गाडीची किल्ली खिशातून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"बरां," तो म्हणाला. "मंग शुक्रवारी येतां."

सुमनने त्याला चहा दिला. तो पिऊन तो एसटी धरायला निघाला. मी चिंध्या फाडल्या, रॉकेलचा डबा घेतला आणि खड्ड्यात उतरलो. बुधवारी बोल्ट हलला नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी मी पाना लावला, आवळायच्या दिशेने केसभर दाबला, आणि तो फिरला.